सायलीच्या दारचा ताड

"पाणी पायाशी घाल, सुषमा. डोक्यावर नको. ताडाच्या जातीचा जीव डोक्यात असतो. तिथे ओल साचली की झाड गेलंच म्हणून समज."

हा आवाज रोज सकाळी यायचा. आंघोळ झाली, तुळशीच्या प्रदक्षिणा झाल्या, देवापाशी दिवा लागला, की सुषमा झारी भरून घरच्या रोपांच्या नर्सरीच्या मागच्या भिंतीकडे निघायची. ती आंब्याखाली पोचायच्या आत आवाज तिथे जाऊन उभा असायचा. तिचे यजमान चंद्रकांत हे बोलले होते ते दवाखान्यातल्या खाटेवरून, धाप लागलेली असताना. "आंब्याखालच्या दोन कुंड्या. त्यांना पाणी चुकवू नको." कुठला ताड, कोणासाठी, ते विचारायचं राहूनच गेलं. बी वर आल्याशिवाय त्याची वाच्यता करायची नाही, ही त्यांची जुनी खोड. तेव्हा त्या कुंड्यांत गवताच्या पात्यासारखं काहीतरी होतं, एवढंच. पुढे ते गेले, आणि एकादशी, सोमवार, चातुर्मास यांच्या ओळीत या दोन कुंड्याही जाऊन बसल्या. सुषमाने त्यांचंही व्रत करून टाकलं.

आज आखाजी, खान्देशातली अक्षय्य तृतीया. पितरांची घागर भरून देवघरापाशी ठेवलेली, तिच्यावर डांगर, पिकलं खरबूज. स्वयंपाकघरात मालतीबाई, म्हणजे सुषमाच्या सासूबाई (ती त्यांना आत्या म्हणायची), या वयातही हट्टाने खापरावर मांडे टाकत होत्या, आणि जाऊ माधवी आंब्याचा रस काढता काढता त्यांच्या शिव्या खात होती. सुरतेतल्या भेस्तानच्या या गल्लीत खान्देशातून आलेली घरं बरीच. सकाळपासून प्रत्येक दारात माहेरी आलेल्या लेकींचा गलका. मागच्या कारखान्यांचा धूरसुद्धा आज सुट्टीवर गेल्यासारखा आकाशात विरळ पसरला होता.

नर्सरीतल्या निंबाला झोका बांधला होता. झोक्यावर लेक सायली बसली होती, पण पाय जमिनीवर टेकलेले. सुषमाने लांबून पाहिलं. पोरगी परवा सासरहून, सोलनहून आली तेव्हापासून अशीच. हसते, बोलते, भांडी घासते, पण पाय काही वर उचलत नाही.

सुषमाला तिच्या पाठवणीचा दिवस आठवला. या घराची एक रीत होती, चंद्रकांतांचे वडील धुडकूबाबा यांनी घातलेली. बाबा गाव सोडून सुरतेला गिरणीत आले तेव्हा मागे वळून बघताना त्यांना शेवटचं दिसलं ते नदीकाठच्या शिंदीचं डोकं. गाव नजरेआड बुडालं, देऊळ बुडालं, शिंदी तेवढी कितीतरी वेळ दिसत राहिली. म्हणून पुढे या घरातून जी लेक सासरी गेली, तिच्या दाराशी माहेरचा एक ताड लागला. शिंदी, सुपारी, जे त्या मातीला मानवेल ते. भाऊबीजेला भाऊ झाड घेऊन जायचा आणि स्वतःच्या हाताने लावायचा. बारडोलीला छायाआत्याच्या दारची शिंदी आता गच्चीच्या वर गेली आहे. सायली सुरतेत बदलीवर आलेल्या बँकेतल्या योगेंद्रच्या मागे थेट हिमाचलात निघाली, तेव्हा चंद्रकांत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "रडतेस काय? तुझ्या दाराशी मी माहेर लावीन."

ते लावायला ते उरले नाहीत. त्यांच्या धाकट्या भावाने, ललितने, नर्सरीतला सगळ्यात देखणा बॉटल पाम निवडून दिला, आणि सायलीचा भाऊ तुषार भाऊबीजेला घेऊन गेला. होळीपर्यंत तो काळा पडला. पुढच्या भाऊबीजेला दुसरा गेला. तोही तसाच. तेव्हापासून सुषमाने नारळ सोडला होता. देवापुढे फोडायची, सगळ्यांना वाटायची, स्वतःच्या तोंडात मात्र तुकडा घालायची नाही. खायचा तो लेकीच्या दारी झाड धरेल त्या दिवशी.

जेवणं झाली. रसाने सगळ्यांच्या डोळ्यांवर पेंग आली होती. निंबाखाली सतरंजी अंथरून मंडळी आडवी-तिडवी पसरली, आणि ललितने विषय काढलाच.

"सायली, या दिवाळीला तुझ्यासाठी तिसरा बघून ठेवलाय. खोड बघशील तर असं गुळगुळीत! बारडोलीच्या एनआरआय बंगल्यांना मी हाच देतो. दोन्ही बाजूंनी रांग लावली की राजवाडा वाटतो."

"यांना सांगितलं तर हे देवघरातही बॉटल पाम लावतील," माधवी आंब्याची कोय चोखत म्हणाली.

"तू गप. दाराला शोभा नको का? सोयरे म्हणाले पाहिजेत, सुरतवाल्यांनी झाड पाठवलं!"

"जवा दे ने, सोडा ते, काका," तुषार फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला. "बॉटल पामला माहीत असलेली थंडी म्हणजे आपली जानेवारीतली. स्वेटर घालून बरफगोळा खायची. तिकडे बादलीतलं पाणी गोठतं."

"म्हणून तर गुंडाळायला कापड पाठवलं होतं ना रे? तुझ्याच प्रोसेस हाऊसमध्ये रंगलेलं पॉलिस्टर!"

"काका," सायली म्हणाली. झोका जरासा करकरला. "आता झाड नको."

"म्हणजे?"

"नको म्हणजे नको. तिकडचे कोणी काही बोलत नाहीत. सासूबाई तर त्या काळ्या खोडाला रोज हळदकुंकू वाहायच्या. पण दार उघडलं की मला तेच दिसायचं. आधी मी त्याच्याशी बोलायचे. मग बोलायची भीती वाटायला लागली." तिने ओठ मिटले, पुन्हा उघडले. "माझ्या दारी काहीच धरत नाही, काका. झाड नाही की... काहीच नाही. पुढच्या आखाजीला मी येईनच असंही नाही. सगळ्यांच्या पोरींच्या कडेवर लेकरं, आणि मी नुसती झोक्यावर."

गल्लीतून कुणाच्या तरी लेकींचं गाणं येत होतं, अर्ध्यातच हसण्यात फुटत होतं. सुषमा सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला. लेक माहेर तोडायला निघाली आहे, आणि तिला ते तोडणं वाटतही नाही. दार लोटून घ्यावं तितकं हळूच ती ते करते आहे.

"सायली," सुषमाने विचारलं, "ते कापड कसं गुंडाळलं होतं गं?"

"दादाने शिकवलं तसंच. डोक्यापासून खाली. चांगले जाड पदर, वरून दोरी."

"आणि आत ओल असायची?"

"असायची ना. सकाळी हात घातला की आतून थेंब. मग एक दिवस मधलं कोवळं पान ओढलं तर हातातच आलं. वास येत होता."

'डोक्यावर नको,' आवाज म्हणाला, अगदी कानाशी.

"थंडीने नाही गेलं ते," सुषमा हळूच म्हणाली. "घामाने गेलं."

तुषारने फोन खाली ठेवला. "म्हणजे माझ्या कापडाने?"

"तुझा काय दोष? मायेनंच दिलंस. पण मे महिन्यात पॉलिस्टर नेसलं की आपल्याला काय होतं, ते मला विचार. वारा बाहेर आणि ओल आत. त्यात लावलं भाऊबीजेला. मूळ पसरायच्या आधी हिवाळा दारात. कालची नवरी, आणि तिला आज म्हणायचं, सगळं घर सांभाळ."

"घ्या!" माधवीने कपाळाला हात लावला. "अख्ख्या देशाला साड्या नेसवल्या आम्ही सुरतवाल्यांनी. झाडाला नेसवायला गेलो आणि जीव घेतला बिचाऱ्याचा."

सायलीच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. तेवढ्यात मालतीबाई, ज्या झोपल्या आहेत असं सगळ्यांना वाटत होतं, त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "शिंदी लावा. आपली शिंदी."

"आई, शिंदी म्हणजे झाडू!" ललित म्हणाला. "आणि काटे."

"तोच झाडू तुन्हा पाठमा घालसू."

"आजी, शिंदी थोडी थंडी काढते," तुषार मध्ये पडला, "पण डोक्यावर बर्फ बसून राहिला तर सांगता येत नाही." त्याचं बोट आता फोनवर वेगळ्याच हट्टाने फिरत होतं, कापडाचं त्याला लागलं होतं. "थंडीतले ताड असतातच की. एक बुटका आहे, झुडपासारखा पसरतो. एक करड्या निळसर झावळ्यांचा, कमानीसारखा वाकणारा, पण त्याला कोरडी हवा पाहिजे. आणि हा... हा बघा. पंख्यासारखी पानं. हिमालयाच्या अंगाचाच, कुमाऊंच्या डोंगरात आपोआप उगवतो. बर्फ पडला तरी झटकून उभा."

फोन हातोहात फिरला. ललितने तो लांब धरून पाहिला. "हे झाड आहे? खोडावर केस काय, जटा काय! दारात शोभेचं झाड ठेवायचं की अस्वल?"

"शोभेचं काय," माधवी म्हणाली, "लग्नात तुम्ही तरी कुठे शोभेचे होता? पण टिकलात ना!"

"आणि मिळणार कुठे?" ललितने तिच्याकडे लक्ष न देता विचारलं. "सुरतेत कोणी ठेवत नाही. आपल्या उन्हात ही जात झुरते."

सुषमाने हात पुढे केला. चष्मा घरात होता, म्हणून तिने फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मोठ्या झाडाच्या चित्राखाली एक छोटं चित्र होतं, रोपाचं. घड्या घातलेली पानं. अर्धवट मिटलेल्या पंख्यासारखी, जणू कुणी वारा घेता घेता थांबून विचार करतंय.

ती उठली. पदर खोचून आंब्याकडे चालू लागली. तिच्या चालण्यातच काहीतरी होतं, म्हणून एकेक जण मागे आला.

भिंतीपाशी सावली गार होती. बोअरच्या टाकीचं पाणी तिथे पाझरायचं, त्यामुळे भिंतीला शेवाळ धरलेलं. दोन्ही कुंड्यांत घड्यांची पानं शांत उभी होती. शेंडे उन्हाने करपलेले. देठाच्या बुडाशी बारीक, तपकिरी केसाळ धागे.

"ही?" ललित म्हणाला. "ही तर मी कितीदा फेकायला काढली होती! वहिनींची नवसाची झाडं म्हणून..." आणि तो थांबला. खाली बसला. त्याचा आवाज बदलला, धाकट्या भावाचा झाला. "सोलनला लग्नाच्या बैठकीला मी आणि दादा गेलो होतो ना. देवळामागे एक जुना बंगला होता. त्याच्या आवारात असलंच एक उंच, जटावालं. दादा खाली वाकून काहीतरी वेचायला लागला. निळसर काळ्या बिया, पावट्याएवढ्या. रुमालात बांधल्या. मी म्हटलं, दादा, सोयऱ्यांच्या गावात काय वेचतोस, लोक बघताहेत. तर म्हणाला, इथे जे जगलंय ते बघून घेतो. मला वाटलं, औषधी असेल."

सायली गुडघ्यांवर बसली होती. तिने पानाच्या घडीवरून बोट फिरवलं, लहानपणी वडिलांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावरून फिरवायची तसं.

"मला पप्पा काहीच बोलले नाहीत."

"उगवल्याशिवाय बोलायचे कुठे ते?" सुषमा म्हणाली.

आंब्यात पोपट भांडत होते. मग सायली उभी राहिली, आणि तिने हात मागे घेतले.

"नाही नेणार मी हे. आता तर मुळीच नाही. पप्पांच्या हातची दोनच उरली. माझ्या दारात नेऊन मारू? इथे निदान जिवंत आहेत."

"जिवंत आहेत," सुषमा म्हणाली. "वाढत नाहीत. एवढी वर्षं पाणी घालते मी, उंची बघ. त्यांना हे ऊन पेलत नाही. तुला ती थंडी पेलत नव्हती, आठवतं? पहिल्या वर्षी फोनवर दातांचा आवाज यायचा तुझ्या."

"मग मी नेतो ना भाऊबीजेला," तुषार म्हणाला.

"भाऊबीजेला नाही. आत्ता. थंडीच्या आत मुळांना पाय पसरायला मिळाले पाहिजेत. आणि जागा बघायला पाहिजे. पाणी कुठे साचतं, दहिवर कुठे बसतं, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं. तू नुसतं दार बघितलंस, बाळा." सुषमाने श्वास घेतला. बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी जाते."

सुषमा, जिने सायलीचं लग्न झाल्यापासून लेकीचा उंबरा पाहिला नव्हता, ती जाते म्हणाली होती. का पाहिला नव्हता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सायलीलाही.

मालतीबाई काठी टेकत मागून आल्या होत्या. "नातू व्हवाशिवाय आंडेरना घरनं पानी पेवानं नही," त्या म्हणाल्या. "हाई रीत शे."

"ठाऊक आहे, आत्या. नातू होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी नाही, ही रीत मोडणार नाही मी. पाणी बरोबर नेईन. दशम्या नेईन. झाड लावेन, आणि..."

"म्हणजे माझ्या दारात येणार," सायली म्हणाली, अगदी हळू, "आणि बाटलीतलं पाणी पिणार? माझ्या सासूबाईंसमोर?" तिचे डोळे भरले नव्हते, तेच वाईट होतं. "मग नकोच येऊ, आई. मेलेलं झाड बरं त्यापेक्षा."

ती घरात निघून गेली. वाटेतला झोका तिचा धक्का लागून हलत राहिला.

दिवेलागणीला सुषमा देवापुढे बसली, पण माळ बोटांत पुढे सरकेना. सगळं आयुष्य तिने नेमाच्या काठाने चालत काढलं होतं. काठ सोडला की पाय कुठे पडेल ते तिला माहीत नव्हतं. समोर आखाजीची घागर होती. मातीतून गारवा झिरपून तिच्या अंगावर बारीक मोती आले होते. गेलेल्या माणसाला तहान लागते म्हणून आपण घागर भरतो, तिच्या मनात आलं, आणि जितीजागती लेक घागर भरून दारात उभी राहील तिला आपण काय सांगायचं? ती उठली आणि झारी घेऊन आंब्याकडे गेली. दिवसभराच्या उन्हाने कुंड्यांची माती सुकली होती.

मालतीबाई तिथेच होत्या, टाकीच्या कट्ट्यावर. मुलाच्या हातच्या झाडांकडे बघत.

"हाई झाडले रोज तूच पानी देस?"

"यांनी सांगितलं होतं, आत्या."

"हं." म्हातारी पाणी मातीत मुरताना बघत राहिली. पायाशी, सावकाश, डोकं कोरडं ठेवून. "आनि हाई तठे लागी, तं मंग कोनं पानी पेई?"

"तिथलंच. सायली घालेल ते."

"मन्हा चंदूनं झाड आंडेरना घरनं पानी पेई," मालतीबाई म्हणाल्या, "आनि तू उपाशी बठशी?" त्यांनी काठी उचलून सुषमाच्या पायाला हलकेच टेकवली. "आम्हनी माय मन्हा दारमा कधी उनी नही. नातू व्हवापहिले मरी गई. रीत ऱ्हायनी, माय नही ऱ्हायनी. तू जाय. पानी पे. मी सांगस."

सुषमाने झारी खाली ठेवली आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. मालतीबाईंचा हात तिच्या केसांतून एकदा फिरला. मग त्याच हाताने त्यांनी तिला लोटलं. "ऊठ. चिखुलमा बठनी."

सायलीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तुषारने धडपड करून त्याच गाडीत आणखी एक जागा मिळवली होती. चंदीगडपर्यंत गाडी, पुढे बस. बहिणीला त्याने काही सांगितलं नव्हतं. आईनेच नको म्हटलं होतं.

सुषमाने नेहमीसारखी आंघोळ केली, तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, दिवा लावला. मग चंद्रकांतांचं जुनं सुती धोतर काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. कुंडी फोडली, मातीचा गोळा न हलवता त्या धोतरात बांधला आणि ओला केला. धोतराचा उरलेला अर्धा भाग तिने कोरडाच पिशवीत घातला. हिवाळ्यात लागेल. हे कापड श्वास घेऊ देतं.

दुसरी कुंडी आंब्याखालीच राहिली. ललित झारी घेऊन तिच्यापाशी उभा होता, देवळात पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखा अवघडून.

"पाणी पायाशी, ललितभाऊ."

"ठाऊक आहे, वहिनी." मग जरा वेळाने, "तसं दिसायला वाईट नाही हो. पानं उघडली की बरं वाटेल."

माधवीने पिशवीत एक नारळ सरकवला. "तिकडे फोडा. आणि वहिनी, या वेळी खा."

सायली बॅग ओढत ओट्यावर आली, आणि उंबऱ्यातच थबकली. आई ओट्याच्या कडेला बसली होती. अंगावर सणाची साडी, मांडीवर पांढऱ्या कापडातलं रोप. सायलीची नजर आईच्या पिशवीवर गेली, मग बाजूला, मग मागे. काय शोधते आहे ते सुषमाला कळलं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तुझी पाण्याची बाटली? दशम्या?"

"माधवीने तुझ्या डब्यात दोघींपुरतं बांधलंय. पाणी काय, गाडीत घेऊ एक बाटली." सुषमा रोप सांभाळत उठली. "पुढचं तुझ्या घरी."

सायली पुढे आली, आणि बॅग तिथेच सोडून तिने आधी रोपाच्या खाली हात घातला.

तुषारने बॅग उचलली. रिक्षा गल्लीतून निघाली तेव्हा घरोघरच्या झोक्यांच्या दोऱ्या रिकाम्याच वाऱ्यावर हलत होत्या. उधना रस्त्याला वारा जोराचा लागला, तशी मायलेकींच्या मांडीवरची पानं फडफडली. सुषमाने पदर पसरून आडोसा धरला, चारही बाजूंनी. वरून मात्र मोकळं ठेवलं.